घुमारा आणि थरथर

विजेवरच्या जुन्या ऑर्गनच्या पाठीतून आत मान खुपसून मी तारा चाचपत होते, तेवढ्यात मागून आवाज आला –

"अहो, जरा हळू. जिवंत आहे तो अजून."

मी दचकले आणि डोकं खाडकन फळीवर आपटलं.

शाळेच्या संगीतखोलीच्या दारात एक उंच तरुण उभा होता. बाहेर रिमझिम चालली होती आणि हा गृहस्थ आत येऊनही छत्री मिटायची विसरला होता. छपराखाली, उघड्या छत्रीत, माझ्याकडे असा बघत होता की जणू मी भर दुपारी घर फोडतेय.

"जिवंत कसला?" मी डोकं चोळत म्हटलं. "प्लग लावला की धूर येतो. मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलंय, हवं ते काढून घ्या, उरलेलं भंगारात जाणार आहे."

"आणि तुम्हाला काय हवंय?"

"याच्या स्प्रिंगा."

"स्प्रिंगा? … गादी शिवताय का?"

हसायचं नव्हतं मला. पण हसले.

मग सांगितलं त्याला. ऑर्गनच्या तळाशी पत्र्याचा एक लांबट डबा असतो, त्यात दोन नाजूक स्प्रिंगा ताणून बसवलेल्या. एका टोकाने सूर आत सोडला की तो स्प्रिंगांमधून धावत जातो, पलीकडे आपटतो, परत फिरतो, पुन्हा जातो. म्हणून एवढ्याशा खोलीत वाजवलं तरी मोठ्या दालनात घुमल्यासारखं वाटतं. रिव्हर्ब म्हणतात त्याला. माझ्या मामासाठी मी जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा गिटार-अँप बनवलाय, त्याला तेवढा घुमारा कमी आहे.

"माहीत आहेत मला त्या स्प्रिंगा," तो म्हणाला. छत्री एकदाची मिटली. "मी याच शाळेत शिकलो. पहिला सूर याच्यावर वाजवला. आणि कुणी नसलं की याला लाथ घालायचो… आतून ढग गडगडल्यासारखा आवाज यायचा. त्यापायी अख्खा तास वर्गाबाहेर उभा राहिलोय."

आता तो इथे पियानो लावायला यायचा. शहरभर फिरून पियानो सुरात लावणं हाच त्याचा धंदा. खांद्यावरच्या चामडी पिशवीत किल्ल्या, जाड लोकरी नमद्याच्या पट्ट्या, स्वरकाटे. त्याने ऑर्गनच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं, धूळ फुंकली. मला अचानक चोरट्यासारखं वाटलं.

"नको असेल तर राहू दे…" मी म्हटलं.

"नाही, घ्या. भंगारात जाण्यापेक्षा बरं." तो थांबला. "पण वाजायला लागल्या की मला ऐकायला बोलवायचं."

मी पत्ता दिला. डबा छातीशी धरून मी बाहेर पडले. रस्ताभर त्या स्प्रिंगा माझ्या पावलांबरोबर कुरकुरत होत्या.

मी हॉस्पिटलात यंत्रदुरुस्ती करते. रक्तदाबाची, हृदयाच्या आलेखाची, कानतपासणीची अशी सगळी बिघडलेली यंत्रं माझ्या टेबलावर येतात. राहते मामा-मामीकडे. लहानपणी मी सॉकेटमध्ये चमचा घातला होता, तेव्हापासून मामा मला 'ठिणगी' म्हणतो. मामाने तरुणपणी हॉटेलांतल्या वाद्यवृंदात गिटार वाजवली, मग विमा कचेरीत चिकटला, आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा गिटार काढली तर बोटांचे सांधे धरलेले. पूर्वी ज्या बोटांखालून सूर धो धो वाहायचे, तिथून आता एकेक थेंब पडायचा.

"एकच सूर वाजवता येतो गं मला," तो एकदा म्हणाला होता. "आणि तो लगेच मरतो. तो जरा रेंगाळला ना… आणि जरासा थरथरला… तर एका सुराचंही गाणं होईल."

अँप आम्ही दोघांनी जुन्या रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरवर उभा केला होता. त्याची पेटी मामाने मामीच्या कपाटाच्या दारातून कापली. मामी ते अजून विसरलेली नाही. "माझ्या साड्या उघड्यावर आणि याचं खोकं दारंबिरं लावून बसलंय!" असं दर पाहुण्याला सांगते.

पुढच्या रविवारी बेल वाजली. दारात तो.

"वाजायला लागलं की बोलवायचं ठरलं होतं," मी म्हटलं. माझ्या कपाळावर सोल्डरची काजळी होती, ती पुसायला हात वर केला आणि आणखी फासली.

"हो. पण म्हटलं, वाजायच्या आधी काय होतं तेही ऐकावं."

मामा मागून ओरडला, "कोण आहे?"

"ज्यांच्या स्प्रिंगा आहेत ते."

"मग आत घे! स्प्रिंगवाल्याला दारात उभं करतेस?"

त्या दिवशी अँप नुसता घूं… घूं… करत होता. डबा जोडला होता, सूर घुमत होता, पण त्याखाली माजघरात भुंगा शिरावा तशी सतत घरघर. मी सकाळपासून हैराण. तो जमिनीवर मांडी घालून बसला, डोळे मिटले आणि म्हणाला, "डबा फिरवून बघा. जागा तीच, फक्त तोंड बदला."

मी डबा थोडा फिरवला.

"अजून… अजून थोडा… हं, आता परत वाढली. मागे या… थांबा!"

घरघर गेली. ट्रान्सफॉर्मरची वीज स्प्रिंगांच्या टोकाशी बोलत होती, डबा तिरका झाल्यावर बोलणं तुटलं. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. पण कुठल्या कोनात तुटेल ते त्याच्या कानाने सांगितलं होतं.

मामाने मांडीवर थाप मारली. "हा तर कानसेन आहे रे!"

झालं. आमच्या घरात त्याचं तेच नाव पडलं. तो नुसता हसला. "फार मोठं नाव झालं मामा," म्हणाला आणि आपल्याच कानाच्या पाळीला हात लावला. तेव्हा मला वाटलं, लाजला.

मग तो दर रविवारी यायला लागला. मी काम करायची, तो शेजारी बसून हवा तो पार्ट हातात द्यायचा… नको तोही द्यायचा. एकदा त्याने विचारलं, "तुम्ही एकाच हाताने का काम करता? दुसरा सारखा खिशात असतो."

"व्हॉल्व्हच्या यंत्रात प्लग काढला तरी वीज साठून राहते. दोन्ही हात आत घातले तर झटका एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जातो. म्हणून एक हात खिशात."

"म्हणजे हृदय सांभाळायला."

"हो."

"चांगला नियम आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "मलाही इथे येताना पाळायला हवा होता."

मी मान वर केली नाही. पण जिथे सोल्डरचा डाख द्यायचा होता तिथे न देता शेजारच्या टोकाला दिला, आणि तो काढण्यात पुढचा अर्धा तास गेला.

त्याच दुपारी मामाचं कोपर पेटीवर आपटलं. आतल्या स्प्रिंगा एकमेकींवर आदळल्या आणि स्पीकरमधून असा गडगडाट झाला, की त्याने क्षणात माझा दंड धरून मला मागे ओढलं. कशापासून वाचवलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. स्वयंपाकघरातून मामी ओरडली, "पाऊस आला वाटतं! वाळत घातलेले कपडे घ्या गं कुणीतरी!"

आम्ही पोट धरून हसलो. हसून संपलं, तरी माझा दंड त्याच्याच हातात होता. त्याला ते कळलं… त्याने हळूच बोटं सोडली. एकेक करून.

घुमारा झाला. राहिली थरथर, म्हणजे ट्रेमोलो. त्यात एक जादाचा व्हॉल्व्ह असतो, त्याने झोपाळ्यासारखे आपले आपण हेलकावे घ्यायचे. तो हेलकावा सुराला दिला की सूर मोठा होतो, बारीक होतो, पुन्हा मोठा. ऐकायला सोपं, पण आमचा झोपाळा काही केल्या हलेना. तीन व्हॉल्व्ह बदलले. चौथा लावला आणि स्पीकरचा कागद श्वास घेतल्यासारखा पुढे-मागे व्हायला लागला.

"मामा, वाजव!"

मामाने आखडलेल्या बोटाने एक तार छेडली. एकच. सूर निघाला, घुमला, थरथरला आणि पाण्यावरच्या उन्हासारखा खोलीभर हलत राहिला. मामाने दुसरी तार छेडलीच नाही. तो ती पहिलीच ऐकत बसला, आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळलं, कारण त्याचे डोळे भरले होते.

तेवढ्यात मामी आतून म्हणाली, "ते घड्याळ कुठलं लावलंय? टिकटिक टिकटिक…"

खरंच होतं. सूर विरला तशी मलाही ऐकू आली. प्रत्येक हेलकाव्याला एक बारीक, टोकदार टिक.

"मला नाही बुवा ऐकू येत," मामा म्हणाला. "माझं वय झालं. कानसेन, तू सांग कुठून येतेय."

तो स्पीकरशी वाकला. डोळे मिटले. टिक… टिक… टिक… इतकी स्पष्ट, की मला ती मोजता आली असती.

"कुठे काय?" तो म्हणाला. "स्वच्छ आहे एकदम."

मी त्याच्याकडे बघितलं. कानतपासणीची यंत्रं मी दर महिन्याला उघडते. वरच्या बारीक आवाजांपाशी आलेखाची रेघ कशी घसरत जाते, ते मला पाठ आहे. त्याने डोळे उघडले, माझा चेहरा बघितला आणि त्याचा उतरला.

"आहे का?" त्याने अगदी हळू विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. मी मानेनेच हो म्हटलं.

तो उठला. पिशवी खांद्याला लावली. "जरा काम आहे… येतो," म्हणाला. मामी चहा घेऊन बाहेर आली तोवर जिन्यावरची पावलंही संपली होती.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर वाजून वाजून बंद व्हायचा.

टिकटिक मी घालवली. ट्रेमोलोची एक तार सुराच्या तारेला खेटून चालली होती, ती दूर नेऊन बांधली. अँप तयार झाला. पण मामा गिटारला हात लावेना.

"ज्याच्या स्प्रिंगा, त्याने आधी ऐकायचं," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "ठिणगे, मी त्याला त्या नावाने फार छळलं का गं?"

"तुला काय माहीत होतं, मामा."

मामी भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तो येत नसेल तर तुला पाय आहेत की."

"मी कशाला जाऊ?"

"स्प्रिंगांचे आभार मानायला," मामी म्हणाली. "अजून कशाला!"

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कुठल्या वारी तो कुठे असतो, हे इतक्या रविवारच्या गप्पांतून मला कळलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात पाऊल टाकलं तेव्हाच आवाज आला. पियानोची अगदी टोकाची पट्टी – टिंग. टिंग. टिंग. पुन्हा तीच, पुन्हा तीच. कुणीतरी बंद दार ठोठावत राहावं तशी.

मी आत गेले. पियानोवर त्याचा मोबाइल उभा केलेला होता आणि पडद्यावर सूर वर की खाली ते दाखवणारा एक काटा डुलत होता. मला बघून त्याचा हात आधी मोबाइलकडे गेला. मग त्याने तो तसाच राहू दिला.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"वर्ष… जास्तच. आधी पाखरं गेली. सकाळी वाटायचं, यंदा पाखरं बोलत का नाहीत? मग उकळी आल्यावर शिटी वाजवणारी किटली. मग ह्या पट्ट्या." त्याने टोकाच्या पट्टीवर बोट ठेवलं. "मला फक्त लाकडावर लाकूड आपटल्याचं ऐकू येतं. सूर नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलेलं परत येणार नाही. पुढे वाढेल, किंवा इथेच थांबेल. कुणी सांगू शकत नाही."

"आणि तुम्ही कुणालाच…"

"कुणाला सांगू? पियानो लावणाऱ्याने म्हणायचं, की मला ऐकू येत नाही?" तो हसला, पण ते हसू पाहवेना. "त्या दिवशी कबूल करायला हवं होतं. पण तुम्ही माझ्याकडे बघत होतात. कुणी तसं बघत असताना माणसाला बहिरं असावंसं वाटत नाही."

"तसं म्हणजे कसं?"

"… आत्ता बघताय तसं."

पागोळ्या पायरीवर टपटपत होत्या. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं नाही.

"मामांचं बरं आहे," तो म्हणाला. "त्यांची बोटं आखडली, तर तुम्ही त्यांना घुमारा दिला. माझ्यासाठी काय बनवणार?"

"काही नाही. प्रत्येक गोष्ट दुरुस्त करता येते असं मला वाटत नाही. हॉस्पिटलात आहे मी." मी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले. "पण मला ऐकू येतं. ते वापरायचं तर वापरा."

"तुम्हाला सूर कळतो?"

"अजिबात नाही. गाणं म्हटलं तर मामी खिडक्या लावते."

यावर तो खरा हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखा. मग गंभीर झाला. "सूर कळायची गरजही नाही. हे बघा, एका पट्टीमागे तीन तारा असतात. दोन वाजल्या आणि त्यांच्यात फरक असला, की आवाज हलतो. जसजशा त्या जवळ येतील तसतसं हलणं मंद होईल. बंद झालं की दोन्ही एक. तुम्ही फक्त ते हलणं ऐकायचं."

त्याने एक तार नमद्याने दाबली, किल्ली चढवली, पट्टी वाजवली. मी डोळे मिटले. आधी नुसतं टिंग. मग त्या टिंगमध्ये काहीतरी फडफडताना ऐकू आलं, काचेला धडकणाऱ्या फुलपाखरासारखं.

"हलतंय…" मी म्हटलं.

"आता?"

"हळू झालं."

टिंग. "आता?"

"अजून हळू… अजून… थांब!"

तो थांबला. त्याने शेवटची पट्टी वाजवली आणि सूर दोऱ्यासारखा सरळ गेला. माझ्या अंगावर काटा आला. मी डोळे उघडले तर तो पियानोकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

"'थांब' म्हणालीस."

"मग काय! 'थांबा' म्हणेपर्यंत तार पुढे गेली असती."

"बरोबर," तो म्हणाला. "वेळ महत्त्वाची असते."

त्या टोकाचा एकेक सूर आम्ही असाच लावला. निघताना मुख्याध्यापिका बाई व्हरांड्यात भेटल्या. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "बाई, वरचे सूर यांनी ऐकून लावलेत. मला ते नीट ऐकू येत नाहीत. यापुढे आम्ही दोघं येऊ, चालेल का?" बाईंनी चष्म्यावरून आधी त्याला, मग मला बघितलं. "पियानो सुरात असला म्हणजे झालं," त्या म्हणाल्या, "आणि दोघं आलात तर जाताना खोलीचं दार लावायची आठवण एकाला तरी राहील."

रविवारी तो घरी आला. बसायच्या आधीच त्याने मामा-मामीला सगळं सांगून टाकलं. मामाने त्याला हाताला धरून खाली बसवलं. मग घसा खाकरून म्हणाला, "मग मी आता जरा मोठ्याने वाजवत जाईन."

"एवढंच निमित्त हवं होतं याला," मामी म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावून चहा आणायला गेली.

मामाने गिटार मांडीवर घेतली. मी बटणं फिरवली, घुमारा निम्म्यावर, थरथर त्याहून कमी. मामाने वाजवायला सुरुवात केली. कुठलं गाणं होतं कोण जाणे, बहुतेक त्याला तिथेच सुचत होतं. एक सूर यायचा, रेंगाळायचा, तो पुरता जायच्या आत दुसरा त्याला गाठायचा. फरशी हलत होती. तो माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसला होता, हाताचा पंजा फरशीवर पसरून.

मधेच तो माझ्याकडे वळून काहीतरी बोलला.

"काय?" मी म्हटलं. "ऐकू येत नाहीये!"

तो हसला, जवळ सरकला आणि अँपच्या वर आवाज चढवून म्हणाला –

नेमका तेव्हाच मामाने तळहात ठेवून सगळ्या तारा बंद केल्या.

"– माझ्याशी लग्न करशील का?"

सबंध घरात तेवढं एकच वाक्य उरलं. स्प्रिंगांमध्ये शेवटचा सूर अजून थोडा विरायचा होता. मामी कपबशा घेऊन दारात तशीच उभी. मामाने मान खाली घालून गिटारच्या खुंट्या तपासायला घेतल्या, पण त्याचे खांदे हसत होते. आणि तो… कानाच्या टोकापर्यंत लाल.

किती गोष्टी मनात आल्या. पाखरं आली, डॉक्टर काय म्हणाले ते आलं, आणखी दहा वर्षांनी याला माझं बोलणं किती ऐकू येईल, हेही आलं. ते सगळं मी त्याच्याकडे बघत बघत विचारलं स्वतःला. मग म्हटलं, "हो." इतकं हळू, की मलाच जेमतेम ऐकू आलं.

"काय म्हणालीस?"

"हो म्हटलं!" मी ओरडले. "हो! करीन!"

मामीच्या हातातल्या कपबशा किणकिणल्या. मामाने सगळ्या तारा एकदम छेडल्या, आणि घर भरून घुमायला लागलं. त्या सगळ्या गोंगाटात तो माझ्या कानाशी वाकला.

"तुझं पहिलं 'हो' ऐकलं होतं मी," तो म्हणाला. "पुन्हा ऐकावंसं वाटलं."